कोल्हापुरात गाडीशिवाय राहायचंय, कुठला भाग बघावा?

सोलापूरची_अनुराधा
नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये आम्ही सोलापूरहून कोल्हापूरला बिऱ्हाड हलवतोय. यजमान एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आला, त्यामुळे साहेबांनी तिथेच ऑफिस थाटलंय. यजमानांना रोज भाऊसिंगजी रोडला जायचं असेल. मुलगी शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला जाईल. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात पण रोज देवळात गेल्याशिवाय चैन पडत नाही. मी घरूनच काम करते.

मुख्य अडचण अशी की आमच्याकडे गाडी नाही आणि पुढेही नसणार. यजमानांच्या डोळ्यांच्या आजारामुळे डॉक्टरांनी वाहन चालवायला सक्त मनाई केली आहे. मी चालवत नाही. नातेवाईक म्हणतात, "कोल्हापूर लहान आहे, कुठेही राहा." पण लहान गावात बस कमी असते हाही अनुभव आहे. भाजी, किराणा, दवाखाना, देऊळ चालत व्हावं आणि दोघांना आपापल्या ठिकाणी वेळेत पोचता यावं, असा भाग कोणता? दोन बेडरूमचं भाड्याचं घर हवंय.

तांबडा_पांढरा
राजारामपुरी. विषयच नाही.

रंकाळावेसकर
विषय कसा नाही? ताई, पेठेत राहायला या. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, नाहीतर महाद्वार रोडच्या मागच्या गल्ल्या. ह्या पेठा वसल्या तेव्हा सगळा गाव पायीच हिंडत होता, त्यामुळे वाणी, गिरणी, शिंपी, औषधाचं दुकान, डॉक्टर सगळं दोन गल्ल्यांच्या आत. भाजीला कपिलतीर्थ मंडई. अंबाबाईचं देऊळ इतकं जवळ की सासूबाई काठी टेकत एकट्या जाऊन येतील. वाचायची आवड असेल तर भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं.

आणि दुधाचं सांगायचं राहिलं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात. गवळी उकिडवा बसून आपल्यासमोर धार काढतो, चरवीतला फेस तसाच ग्लासात येतो, लोक उभ्या उभ्या पितात आणि मिशी पुसत पुढे जातात. पिशवीचं दूध विसराल.

गोकुळ_शिरगावचा_पोरगा
आवं ताई, कारचा प्रश्नच न्हाई हितं. निम्म्या कोल्हापूरकडं कार न्हाई आणि कुणाचं काय अडलंय? हितं सगळा कारभार दुचाकीवर चालतोय. कोथिंबीर आणायची तरी गाडीला किक. खरा प्रश्न दुचाकीबिगर राहायचा हाय, आणि त्यो अवघड हाय. "जवळच हाय की" असं कोल्हापूरकर म्हनला तर त्यो गाडीवरच्या अंतराचं बोलतोय हे ध्यानात ठेवा. चालत जाणाऱ्याला इचारा.

सातवी_गल्ली
वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. घर बघायला गेलात की एजंट "पाच मिनिटं" म्हणेल. ती पाच मिनिटं चालत जाऊन बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

आता राजारामपुरीबद्दल. मी इथेच वाढले, त्यामुळे माझं मत तिकडे झुकणार हे गृहीत धरा, पण तुमच्या घरातल्या दोघांच्या दोन दिशा आहेत आणि राजारामपुरी बरोबर मध्ये पडते. जनता बाजार चौकातून भाऊसिंगजी रोडजवळचा दसरा चौक साधारण दोन किलोमीटर, विद्यापीठ सायबर चौकाच्या बाजूने तेवढंच किंवा थोडं जास्त. नंबरवारीच्या गल्ल्या मेन रोडला लागून, त्यामुळे कुठल्याही गल्लीत राहिलात तरी मेन रोडला आलं की रिक्षा मिळते. दवाखाने, रक्त तपासायच्या लॅब, औषधाची दुकानं यांची तर इथे रांगच आहे. सासूबाईंसाठी हे देवळाइतकंच महत्त्वाचं. रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक पारीख पुलाखालून पलीकडे, म्हणजे सोलापूरला ये-जा करायला सोयीचं.

फक्त टाकाळ्याच्या बाजूचं घर घेऊ नका. चढ आहे. हातात भाजीच्या दोन पिशव्या आणि दुखरा गुडघा असेल तर तो चढ रोज जाणवतो.

रंकाळावेसकर
पारीख पुलाचं नाव काढलंत तर पावसाळ्याचंही सांगा. मोठी सर आली की पुलाखाली पाणी साचतं आणि राजारामपुरी-शाहूपुरीचा तो सरळ रस्ता अडतो.

सातवी_गल्ली
साचतं, खरं आहे. तेव्हा बागल चौकातून उमा टॉकीज करून जायचं. लांब पडतं पण कोरडं.

पंचगंगाकाठी
पावसाचा विषय निघालाच आहे तर नीट लिहितो, कारण अनुराधाताई सोलापूरच्या आहेत आणि हे तिकडे कुणी सांगणार नाही.

कोल्हापुरात घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही, पुराचा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं शहर सकाळी उठून हा आकडा बघतं. २००५ ला महापूर आला तेव्हा लोक म्हणाले, असा पूर परत येणार नाही. मग २०१९ ला आणि लगेच २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, गंगावेशीत जामदार क्लबपर्यंत, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हिनस कॉर्नर, सिद्धार्थनगर, नागाळा पार्कचा काही भाग, रमणमळा, बापट कॅम्प. नदी लांब असली तरी जयंती नाला पाणी आत घेऊन येतो. व्हिनस कॉर्नरला उभं राहून नदी दिसत नाही, आणि तिथे होड्या चालल्या आहेत.

गाडी नसलेल्यांना पूर दुप्पट जड जातो. घरात पाणी न येताही तुम्ही अडकता, कारण मधला रस्ता बंद होतो. म्हणून घर असं बघा की कामाच्या ठिकाणी जायला दोन वेगवेगळे रस्ते असतील आणि त्यातला एक नाल्याच्या उंच बाजूनं जाणारा असेल. राजारामपुरीतून भाऊसिंगजी रोडला जायचं तर एक रस्ता स्टेशन रोडवरून व्हिनस कॉर्नर, दसरा चौक. तो पुरात जातो. दुसरा बागल चौक, उमा टॉकीज, बिंदू चौक, शिवाजी चौक आणि तिथून सीपीआर रुग्णालयाच्या दिशेनं. हा दुसरा रस्ता पायाखाली घालून ठेवायला यजमानांना सांगा.

आणि भागाचं नाव ऐकून ठरवू नका. एकाच पेठेत एक गल्ली बुडते, तिसरी कोरडी राहते. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारायचं, "२०१९ ला पाणी कुठवर आलतं?" तो हात करून दाखवतो. काही भिंतींवर रंगाखालून अजून रेघ दिसते. घरमालक विसरतात, दुकानदार विसरत नाहीत, त्यांचा माल भिजलेला असतो.

तांबडा_पांढरा
पंचगंगाकाठी, प्रतिसाद जपून ठेवतोय. बाकी २०१९ ला घरात पाणी नव्हतं तरी नळालाही पाणी नव्हतं हे लिहा. उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती. टँकरमागे पळताना गाडी असून काही उपयोग नव्हता, दोन घागरी आणि चार शेजारी लागत होते.

आर_के_नगरवासी
सगळे गावातच का कोंबताय त्यांना? आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव बाजू बघा. उंचावर आहे, पुराचा संबंध नाही. हवा मोकळी. त्याच भाड्यात गावापेक्षा मोठं घर मिळतं. विद्यापीठ जवळ. बस आहे, वडाप (शेअर जीप-रिक्षा) आहे, कोपऱ्यावर किराणा आहे. आमच्या मातोश्री ८० च्या आहेत, कधी तक्रार नाही.

सातवी_गल्ली
दादा, तुमच्याकडे दुचाकी आहे का?

आर_के_नगरवासी
आहे. दोन आहेत. पण मुद्दा तो नाही.

गोकुळ_शिरगावचा_पोरगा
मुद्दा त्योच हाय भावा :)

आर_के_नगरवासी
बरं, हसून झालं असेल तर ऐका. चालत सगळं झालं पाहिजे हा हट्ट सोडला तर गणित बदलतं. एका दुचाकीचा हप्ता, विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग महिन्याला काय पडतं ते मांडा. ते सगळे पैसे रिक्षाला ठेवा. आमच्या शेजारी एक निवृत्त दांपत्य आहे, गाडी नाही. कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे एक रिक्षावाले मामा त्यांनी ठरवून ठेवलेत. दवाखाना, बँक, लग्न, सगळीकडे तेच. फोन केला की येतात, सामान दारात उतरवून देतात. भाड्यात वाचतं ते रिक्षात जातं, आणि वर मोकळी हवा मिळते. अनुराधाताई घरूनच काम करतात, म्हणजे घर मोठं आणि शांत असणं त्यांनाही लागेल. मंगळवार पेठेत गणपती-नवरात्रात एक फोन धड घेता येणार नाही.

सोलापूरची_अनुराधा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. आर_के_नगरवासी, शांततेचा मुद्दा पटला. पण यजमानांना संध्याकाळी उशीर होतो आणि अंधारात त्यांना फार कमी दिसतं. शेवटचा टप्पा उजेडाचा आणि वर्दळीचा हवा. मुलीबद्दलही तीच काळजी. तिथे शिकणारं कुणी आहे का इथे?

विद्यापीठवाली
मी आहे. पीएचडी करतेय, गाडी नाही, त्यामुळे हा धागा माझाच समजा.

पहिली गोष्ट, विद्यापीठ "जवळ" असून भागत नाही. आवार ८५३ एकरांचं आहे. मुख्य दारात उतरलात म्हणजे विभागात पोचलात असं नाही, आत पुन्हा चालणं असतं. सकाळी छान वाटतं, झाडं, मोर ओरडत असतात. मे महिन्यात दुपारी दीड वाजता तेच चालणं नको होतं. म्हणून घर ते दार हे अंतर शक्यतो बसनं किंवा रिक्षानं जावं, पायांतली ताकद आतल्यासाठी राखून ठेवावी.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. ग्रंथालयातून सातनंतर बाहेर पडलं की सायबर चौकाकडे आणि पुढे राजारामपुरीकडे येणारा रस्ता जिवंत असतो. क्लासची मुलं, चहाच्या गाड्या, दुकानांचे दिवे. मी एकटी चालत येते, भीती वाटत नाही. मोरेवाडीच्या बाजूला मैत्रीण राहायची. दिवसा सुरेख भाग, पण अंधार पडला की मधले पट्टे सुनसान, आणि रिक्षावाले परतीचं भाडं मिळणार नाही म्हणून कां-कूं करायचे. तिनं दुसऱ्या वर्षी राजारामपुरीत खोली घेतली.

सायकलचा विचार असेल तर जाताना दम निघतो, येताना उतार. मी पावसाळ्यात बंद ठेवते.

आर_के_नगरवासी
हे मान्य. एकट्या मुलीच्या संध्याकाळच्या येण्याचा मुद्दा माझ्याकडे नव्हता.

लक्ष्मीपुरी_बाजार
लक्ष्मीपुरीचं नाव कुणीच घेत नाही? यजमानांच्या दृष्टीनं तर सगळ्यात जवळ. दसरा चौक हाकेच्या अंतरावर, मंडई पायाशी, धान्य बाजार इथेच. रविवारचा बाजार बघायला लोक गावोगावाहून येतात, तुम्ही गॅलरीत उभ्या राहून वांगी निवडाल. शाहू स्मारकला व्याख्यान असलं की जेवून निघालं तरी वेळेत पोचता येतं.

पंचगंगाकाठी
आणि जयंती नाला?

लक्ष्मीपुरी_बाजार
नाल्याच्या काठची घरं सोडून. वरच्या अंगाची घेतली तर प्रश्न नाही. पण एक खरं सांगतो, पहाटेपासून टेम्पो लागतात. माल उतरवण्याचा आवाज, हाका, हॉर्न. आम्हाला सवय झालीय. घरून काम करणाऱ्या बाईंना पहिले काही महिने त्रास होईल.

रंकाळावेसकर
मंगळवार पेठेवर आवाजाचा ठपका ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो, शाहू स्टेडियमवर सामना असेल तेव्हा आवाज आम्हीच करतो आणि त्याचा अभिमान आहे. दोन पेठांचा सामना असला की दुकानदार अर्धं शटर ओढून जातात. अनुराधाताई, मुलीला फुटबॉल आवडतो का?

सोलापूरची_अनुराधा
तिला आवडतो! सासूबाईंना मात्र किरणोत्सव बघायचाय, तो केव्हा असतो?

रंकाळावेसकर
नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग कमरेवर, मग मुखावर. गर्दी फार असते, त्यांना दुपारीच नेऊन बसवा. आणि नवरात्रात देवळाभोवती गाड्यांना बंदी असते. गाडीवाले लांब कुठेतरी लावून चालत येतात, पेठेतला माणूस घरातून थेट जातो. त्या नऊ दिवसांत तुमच्या यजमानांइतकं सुखी कुणी नसेल.

निवृत्त_हेडमास्तर
उशिरा लिहितो आहे. पेठेच्या बाजूचा आणि तरीही पेठेविरुद्ध जाणारा एक मुद्दा मांडतो.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला अंतरापेक्षा जमीन जास्त छळते. पेठेत अंतरं कमी आहेत, पण फूटपाथ असलाच तर त्यावर दुकानाची पाटी, उभी दुचाकी, टपरी. खाली उतरावं तर मागून हॉर्न. गटारावरची फरशी कुठे वर, कुठे हललेली. आमच्या मंडळींचा पाय अशाच फरशीवर मुरगळला, तेव्हापासून मी चालताना खालीच बघतो. दुसरं म्हणजे जुन्या वाड्यांचे जिने. अरुंद, उंच पायऱ्यांचे, हाताला धरायला दोर. देऊळ दहा पावलांवर असून सासूबाई जिना उतरू शकल्या नाहीत तर काय उपयोग? पेठेत घ्यायचं तर लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत घ्या, आणि अशा इमारती आता तिथेही झाल्या आहेत.

अंधारात कमी दिसणाऱ्या माणसालाही हेच लागू आहे. त्यांच्यासाठी घर ते रिक्षा हा शंभर पावलांचा रस्ता रात्री आठ वाजता स्वतः चालून बघा. दिवे किती, खड्डे किती, गाड्या कशा उभ्या असतात. दुपारी बघितलेलं घर निम्मंच बघितलेलं असतं.

विद्यापीठवाली
सर, हे अगदी पटलं. फूटपाथचा विषय ह्या गावात कुणी मनावर घेत नाही कारण गाडीवरून तो दिसतच नाही.

तांबडा_पांढरा
शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून वाढलेली नाही, सगळी नवी वस्ती हद्दीबाहेर ग्रामपंचायतींत. फूटपाथ कोण बांधणार?

आर_के_नगरवासी
हद्दवाढ इथे नको. त्याच्यावर तीन धागे पेटलेले आहेत.

गोकुळ_शिरगावचा_पोरगा
बरोबर. ताईंचं घर शोधा आदी.

पंचगंगाकाठी
मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तुमच्यासाठी राजारामपुरीच, पण सपाटीची. जनता बाजार ते बागल चौक ह्या पट्ट्यातल्या गल्ल्या. कारण मुलगी आणि यजमान दोघांनाही एकाच वाहनात पोचता येतं, बदलावं लागत नाही. बस हुकली तर चालत जाण्याइतकं अंतर आहे, हा त्यातला मोठा आधार. देवळाला सासूबाईंना रिक्षा लागेल, ती रोजची एक फेरी धरा. तिघांसाठी रिक्षा करण्यापेक्षा एकट्यासाठी करणं परवडतं.

रंकाळावेसकर
पेठेचा माणूस म्हणून वाईट वाटतंय, पण विद्यापीठ मध्ये आल्यामुळे मलाही हेच म्हणावं लागतंय. मुलगी नसती तर मी मंगळवार पेठ सोडू दिली नसती. सासूबाईंना सांगा, राजारामपुरीतही मारुतीपासून दत्तापर्यंत सगळे देव आहेत. शुक्रवारी अंबाबाई, बाकी दिवस जवळचं देऊळ.

सोलापूरची_अनुराधा
सासूबाईंनी हा प्रतिसाद वाचून घेतला. त्या म्हणतात, मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही हवेत. :)

आम्ही असं ठरवतोय की जून ऐवजी आधी ऑगस्टमध्ये दोन दिवस येऊन बघायचं. पाऊस असताना, आणि एकदा संध्याकाळी आठला. यजमान बिंदू चौकाचा रस्ता चालून बघतील, मुलगी विद्यापीठाकडून परत येऊन बघेल, मी दुकानदारांना पाण्याची रेघ विचारीन. मग पुढच्या जूनसाठी घर धरायचं. एकच शंका, तळमजला स्वस्त मिळतोय आणि सासूबाईंना बरा पडेल. राजारामपुरीत चालेल का?

पंचगंगाकाठी
पुराचं पाणी त्या पट्ट्यात येत नाही, पण मोठ्या पावसात गटार तुंबून अंगणात पाणी येऊ शकतं. जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे ते बघा. दोन पायऱ्या चढून घर असेल तर चालेल. रस्त्याच्या बरोबरीनं असेल तर नको.

निवृत्त_हेडमास्तर
आणि त्या दोन पायऱ्यांना कठडा बसवून घ्या. मालकाला आधीच सांगितलं तर तो बसवून देतो, राहायला आल्यावर देत नाही.

विद्यापीठवाली
मुलीला घेऊन याल तेव्हा आधी कळवा, विभाग आणि ग्रंथालय दाखवीन. बसच्या पासाचंही तेव्हाच सांगते, प्रवेशाची पावती लागते.

सातवी_गल्ली
अनुराधाताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या मागच्या गल्लीत एक घर मेमध्ये रिकामं होतंय. पहिला मजला, लिफ्ट आहे, खाली वाणी आणि समोर औषधाचं दुकान. मालक काका तिथेच राहतात, सज्जन आहेत. ऑगस्टमध्ये याल तेव्हा चारनंतर फोन करा, दुपारी ते झोपतात.